रिमॅप केलेल्या डिझेल स्विफ्टची ताकद खरोखर किती वाढली, हे तपासायचे कसे?

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१४ सालची डिझेल स्विफ्ट आहे. इंजिन १२४८ सीसीचे, फियाटच्या मल्टिजेट घराण्यातले. कंपनीचे आकडे ४००० आरपीएमला ७५ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) आणि २००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) असे आहेत. अलीकडेच एका ट्यूनरकडून ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) रिमॅपिंग, म्हणजे त्यातल्या तक्त्यांत बदल, करून घेतले. त्याने हातात डायनोचा (चाके रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) एक छापील कागद दिला असून त्यावर ११० पीएस आणि २४० न्यूटन-मीटर असे लिहिले आहे. कागदावरची 'आधीची' रेषा मात्र माझ्या गाडीची नाही, तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या एका गाडीची आहे, हे मला विचारल्यावर कळले.

पिकअप वाढला आहे यात शंका नाही. परंतु ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद नुसता तीव्र केला, तरी गाडी जोरकस वाटू लागते, हेही मला ठाऊक आहे. म्हणून जाणवण्यावर न विसंबता मोजून पाहायचे आहे. माझ्याकडे साधे ब्लूटूथ ओबीडी यंत्र (ईसीयूतली वाचने काढणारे) आणि मोबाइलवरील ॲप आहे. राहणे पुण्यात, आणि साताऱ्याला नेहमी जाणे-येणे असते. नेमके काय मोजावे, कशावर विश्वास ठेवावा आणि इंजिनाला धोका नाही हे कसे पडताळावे, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

रोलरवाला

मी डायनोवर काम करतो, त्यामुळे सुरुवात त्या कागदापासूनच करतो. दुसऱ्या गाडीची 'आधीची' रेषा हा तुलनेचा आधार होऊ शकत नाही. एकाच मॉडेलच्या दोन निरोगी गाड्यांतही फरक असतो, आणि त्यांपैकी एकीचा एअर फिल्टर तुंबलेला असेल किंवा टायर वेगळे असतील, तर तो फरक रिमॅपच्या लाभाएवढाही दिसू शकतो. तुलना करायची तर तीच गाडी, तोच डायनो, तोच दिवस, तोच गिअर आणि टायरमध्ये तेवढीच हवा, इतके तरी सारखे हवे.

दुसरी गोष्ट, तो आकडा चाकांवरचा आहे की इंजिनाचा? रोलर फक्त चाकांवरची शक्ती मोजतो. फ्लायव्हीलवरचा, म्हणजे इंजिनाचा, आकडा हा त्यात गिअरबॉक्स आणि टायरमधले नुकसान मिळवून काढलेला अंदाज असतो. काही ठिकाणी गाडी न्यूट्रलमध्ये सोडून रोलर किती लवकर मंदावतो त्यावरून हे नुकसान काढतात. ते निदान मोजलेले असते, पण भाराखाली गिअरचे दात जेवढी शक्ती खातात तेवढी न्यूट्रलमध्ये खात नाहीत. बऱ्याच ठिकाणी तर ठरावीक टक्के मिळवून मोकळे होतात, आणि ते टक्के किती धरायचे हे चालवणाऱ्याच्या हाती असते.

तिसरी गोष्ट पुण्यात विशेष महत्त्वाची आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास, म्हणजे समुद्रकिनाऱ्यापेक्षा ६ टक्क्यांनी कमी असतो. डायनोचे सॉफ्टवेअर हवामानाचा गुणक लावून आकडा प्रमाणित हवेला आणते. साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला हे योग्यच आहे. टर्बो मात्र हवेची ही तूट बरीचशी स्वतःच भरून काढतो. बाहेरचा दाब ६ टक्क्यांनी कमी असला, तरी एक बार बूस्टवर (टर्बोने चढवलेल्या जादा दाबावर) मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळीतला) एकूण दाब ३ टक्क्यांनीच घटतो. अशा गाडीला साध्या इंजिनाचा गुणक लावला, तर पुण्याच्या उन्हाळी दुपारी ८ टक्क्यांच्या आसपास शक्ती कागदावर फुकट मिळते. टर्बो डिझेलसाठी प्रमाणित चाचणीत वेगळे सूत्र आहे, परंतु सॉफ्टवेअरमध्ये ते निवडण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. म्हणून ट्यूनरकडे छापील कागद मागू नका, मूळ फाइल मागा, आणि तीत कोणता गुणक लावला होता तेही पाहा.

टॉर्कच्या आकड्याबाबतही एक सूचना. रोलरवरची शक्ती काढायला इंजिनाचा आरपीएम लागत नाही, पण टॉर्क काढायला लागतो. डायनोला आरपीएम नीट शिकवला नसेल, तर शक्ती बरोबर आणि टॉर्क चुकीचा, असा कागद निघू शकतो. पडताळणी सोपी आहे: न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणून ७०२४ ने भागले की पीएस मिळाले पाहिजेत. कागदावरचे कोणतेही तीन बिंदू घेऊन हा हिशेब करून पाहा.

जुना_फिटर

मोजमापाच्या आधी गाडी निरोगी आहे का ते बघावे. रिमॅपच्या दिवशीच एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि ऑइल बदलले असेल, तर वाढीतला काही वाटा त्यांचा आहे. टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या पाइपांचे जोड तेलकट दिसत असतील तर तिथून बूस्ट गळतो. क्लच प्लेट जुनी असेल तर चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा. काटा वर जातो आणि गाडी त्या प्रमाणात पळत नाही असे झाले, तर क्लच घसरतो आहे. अशा गाडीचे आकडे घेण्यात अर्थ नाही.

आकडेमोड

डायनो बाजूला ठेवून मी दुसऱ्या टोकाने विचार करतो, कारण इंजिन शक्ती हवेतून आणि इंधनातूनच काढते, आणि त्या दोन्हींचा हिशेब मांडता येतो.

११० पीएस म्हणजे सुमारे ८१ किलोवॉट. या जातीचे छोटे डिझेल इंजिन ४००० आरपीएमला पूर्ण भारावर दर किलोवॉट-तासाला ढोबळमानाने २५० ग्रॅम डिझेल घेते असे धरू. म्हणजे तासाला सुमारे २० किलो. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात ४००० आरपीएमला मिनिटाला ८००० वेळा, म्हणजे तासाला ४ लाख ८० हजार वेळा इंधन फवारले जाते. भागाकार केला की दर फवाऱ्याला ४२ मिलिग्रॅम येतात. डिझेल पूर्ण जळायला वजनाच्या साडेचौदा पट हवा लागते, आणि धूर आवरायचा तर त्याहूनही निदान २० टक्के अधिक हवी, म्हणजेच लॅम्डा (प्रत्यक्ष हवा भागिले गरजेपुरती हवा) १.२. त्यामुळे दर सिलिंडरमागे दर स्ट्रोकला सुमारे ७३० मिलिग्रॅम हवा आत जायला हवी.

एका सिलिंडरचे आकारमान ३१२ सीसी आहे. भरण्याची कार्यक्षमता ९० टक्के आणि मॅनिफोल्डमधले तापमान ५० अंश धरले, तर एवढी हवा कोंबायला २.४ बार एकूण दाब, म्हणजे पुण्यात सुमारे दीड बार बूस्ट लागतो, आणि तोही ४००० आरपीएमला. २००० आरपीएमला जोर मिळावा म्हणून बसवलेल्या या छोट्या, स्थिर भूमितीच्या टर्बोकडून त्या वेगाला एवढी अपेक्षा करणे मला धाडसाचे वाटते. तो एवढी हवा देत नसेल, तर एक तर ११० हा आकडा खोटा आहे, किंवा लॅम्डा १.२ च्या बराच खाली जाऊन गाडी काळा धूर ओकते आहे.

तुमच्या ओबीडी यंत्राने मास एअरफ्लो सेन्सरचे वाचन मिळते. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटरवर ४००० पर्यंत जा आणि फक्त दोनच गोष्टी नोंदवा, आरपीएम आणि हवा. दहा गोष्टी एकदम मागितल्या तर स्वस्त यंत्राचा वेग इतका मंदावतो की सेकंदाला एखादेच वाचन हाती येते. ग्रॅम प्रति सेकंद हा आकडा मिळाला की त्याला ३० हजारांनी गुणून आरपीएमने भागा. चार सिलिंडरच्या इंजिनासाठी दर स्ट्रोकचे मिलिग्रॅम मिळतील.

घाटवाट

सर्वांचे मनापासून आभार. हवेची नोंद घेतली. ४००० आरपीएमच्या आसपास दर स्ट्रोकला ६४० मिलिग्रॅमच्या जवळपास वाचन स्थिर राहते. ॲपमध्ये रेल प्रेशरही (इंजेक्टरना मिळणाऱ्या डिझेलचा दाब) दिसतो आणि तो मूळ मर्यादेच्या आतच आहे, तेव्हा इंधनाच्या बाजूने तरी काळजी नसावी असे मला वाटते. शिवाय, डायनोशिवाय रस्त्यावर ताकद मोजण्याची विश्वासार्ह रीत आहे का?

आकडेमोड

६४० मिलिग्रॅम हवेतून लॅम्डा १.२३ राखला, तर सुमारे ३६ मिलिग्रॅम डिझेल जळते. वरचाच हिशेब उलटा केला की ९४ पीएसच्या आसपास उत्तर येते. सेन्सर मळलेला असेल तर थोडे इकडेतिकडे होईल, पण ११० पर्यंत जाणार नाही.

रेल प्रेशरच्या वाचनावर मात्र असे विसंबू नका. ईसीयू जे मोजते आणि ईसीयू जे मानते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात मिळणारे ट्यूनिंग बॉक्स रेल प्रेशर सेन्सरच्या तारेत बसून ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतात. मग ईसीयू दाब वाढवते, आणि स्कॅनरवर मात्र सर्व काही मर्यादेत दिसते. तुमच्या गाडीत बॉक्स नाही, रिमॅप आहे, तरी तिथेही असाच एक आडमार्ग असतो. काही ट्यूनर टॉर्क आणि धुराच्या मर्यादांचे सगळे तक्ते नीट बदलण्याचे कष्ट टाळून, इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हा एकच तक्ता फुगवतात. ईसीयूला वाटते आपण ३० मिलिग्रॅम दिले, प्रत्यक्षात पडतात ३६. धुराची मर्यादा, टॉर्कची मर्यादा, सगळ्या संरक्षक पायऱ्या त्या ३० वर विसंबून निर्णय घेत राहतात.

हे पकडण्याचा घरगुती मार्ग म्हणजे टाकी. एकाच पंपावर, एकाच नोझलवर टाकी काठोकाठ भरून नेहमीचा प्रवास करा आणि पुन्हा तशीच भरा. असे काही टाक्यांपर्यंत करून, मीटरवर दिसणारा ॲव्हरेज आणि प्रत्यक्ष भरलेल्या लिटरांवरून निघणारा ॲव्हरेज यांतला फरक बघा. रिमॅपच्या आधीच्या पावत्या असतील तर उत्तम, कारण मूळ गाडीतही मीटर थोडा आशावादी असतोच. तो फरक रिमॅपनंतर एकाएकी वाढला असेल, तर फुगवलेल्या तक्त्याचा संशय घ्यायला जागा आहे.

महामार्ग

रस्त्यावरच्या चाचणीबद्दल लिहितो. ० ते १०० चा वेळ ताकदीसाठी निरुपयोगी आहे, कारण त्यात क्लच सोडण्याचे आणि गिअर बदलण्याचे कसब मिसळते. एकाच गिअरमध्ये, तिसऱ्यात, ६० पासून १०० किलोमीटरपर्यंतचा वेळ घ्यावा. गाडी, दोन माणसे आणि डिझेल मिळून १२५० किलो धरले, तर एवढा वेग वाढवायला सुमारे ३०९ किलोज्यूल ऊर्जा लागते. १० सेकंद लागले तर सरासरी ३१ किलोवॉट, ८ सेकंद लागले तर ३८.५ किलोवॉट. त्यात हवेचा आणि टायरचा रोध म्हणून अंदाजे ८ किलोवॉट मिळवा, की चाकांवरची सरासरी शक्ती मिळाली.

यातली खरी गंमत रस्त्याच्या उतारात आहे. १ टक्का चढ डोळ्यांना सपाटच वाटतो, पण तो या वेगाला जवळजवळ ४ पीएस खातो. परत येताना तेवढेच बहाल करतो. ताशी १० किलोमीटरचा समोरचा वारा आणखी दीड-पावणेदोन पीएस घेतो. म्हणून त्याच तुकड्यावर दोन्ही दिशांनी धावून सरासरी घेतल्याशिवाय आकडा सांगू नये, आणि पहाटे वारा पडलेला असताना मोजावे. मोबाइलचा जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच स्थान देतो, ते या कामाला अपुरे आहे. सेकंदाला दहा वाचने देणारा स्वतंत्र लॉगर उसना मिळाला तर पाहा.

रोलरवाला

महामार्ग यांची रीत शास्त्रशुद्ध आहे, पण सार्वजनिक रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटरने वारंवार धावण्यास माझा विरोध आहे. पहाटेच्या महामार्गावर उलट्या बाजूने येणारी दुचाकी आणि दुभाजक ओलांडणारी गुरे हे आपल्याकडचे वास्तव आहे. वाहन कंपन्या अशा चाचण्या बंदिस्त मार्गांवर घेतात. इंदूरजवळ पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा मार्ग त्यासाठीच बांधला, तो २०२१ मध्ये सुरू झाला. आपल्यासारख्यांना तो परवडणारा नाही, म्हणूनच डायनो. वेगमर्यादेत राहून, मोकळ्या तुकड्यावर, शेजारी नोंदी घेणारा दुसरा माणूस असेल तरच हा उद्योग करावा.

महामार्ग

मान्य आहे. तरीही मी एक गोष्ट सोडणार नाही. डायनोवरची एक धाव फार थोडा वेळ चालते, आणि समोरचा पंखा ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याची बरोबरी करू शकत नाही. एकीकडे गाडी थोडाच वेळ तापते, दुसरीकडे तिला नीट वाराही मिळत नाही. प्रत्यक्ष रस्त्याशी दोन्हींचा मेळ नाही. तुमचा कागद ताकद सांगेल, टिकाऊपणा सांगणार नाही.

जुना_फिटर

टिकाऊपणाचे उत्तर घाटात मिळते. चार माणसे, सामान, एसी चालू, आणि खंबाटकीचा किंवा महाबळेश्वरचा चढ. वेग वाढवायची गरज नाही, भार लांबवर राहिला पाहिजे. कूलंटचे तापमान किती चढते, आणि माथ्यावर गेल्यावर किती वेळात उतरते ते पाहा. शक्य असेल तर टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बसवून घ्या. डिझेलमध्ये जास्त इंधन म्हणजे जास्त उष्णता, आणि लांबच्या चढावर ती ७५० अंशांच्या वर टिकून राहू लागली, तर मी त्या गाडीचे इंधन कमी करायला सांगतो. टर्बो आणि पिस्टन दोन्ही वाचतात. चढ संपल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, हे सांगायला नको.

नवखा_पेट्रोल

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझी टर्बो पेट्रोल गाडी आहे आणि हल्ली पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) मिळते. माझ्या ट्यूनरच्या मीटरवर हवा-इंधनाचे प्रमाण १४.७ दिसते, पण ई२० ला ते प्रमाण वेगळे असते ना?

आकडेमोड

बरोबर. शुद्ध पेट्रोलला १४.७, ई२० ला सुमारे १३.६. परंतु मीटरचा सेन्सर मुळात लॅम्डा मोजतो आणि दाखवताना त्याला १४.७ ने गुणतो, म्हणून इंधन कोणतेही असले तरी लॅम्डा १ ला १४.७ च दिसते. त्यामुळे बोलणे लॅम्डातच करावे. पेट्रोलमध्ये तुमची मुख्य पडताळणी नॉकची (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकण्याची) असेल. प्रत्येक सिलिंडरला ईसीयू स्पार्क किती अंशांनी मागे ओढते आहे ते उन्हाळ्यात, इंजिन तापलेले असताना, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये नोंदवा. चांगल्या इंधनावर हिवाळ्यात घेतलेला सुंदर लॉग एप्रिलमध्ये विदर्भात साध्या इंधनावर टिकेलच असे नाही. पुढील चर्चेसाठी वेगळा धागा काढावा, म्हणजे इथला विषय भरकटणार नाही.

पीयूसीवाला

धुराबद्दल एक मुद्दा राहिला. गाडी पीयूसीत पास झाली म्हणून रिमॅप स्वच्छ आहे असे समजू नये. डिझेलची पीयूसी चाचणी उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबून होते. बीएस-४ डिझेलला धुराच्या दाटपणाची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे. इंजिनावर त्यावेळी रस्त्याचा भार नसतो, त्यामुळे चौथ्या गिअरमध्ये चढावर निघणारा काळा धूर तिथे दिसतच नाही. मागून दुसऱ्या गाडीतून चित्रीकरण करून घेणे हा त्याहून प्रामाणिक पुरावा ठरेल. नायट्रोजन ऑक्साइड तर डोळ्यांना दिसतही नाहीत. इंजेक्शन लवकर करून ॲव्हरेज वाढवला की ते वाढतात, आणि पीयूसी ते मोजत नाही.

कायद्याचेही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिनाची शक्ती बदलल्याचे विमा कंपनीला कळवले नसेल, तर दाव्याच्या वेळी प्रश्न उभा राहू शकतो. ही बाजू ज्याची त्याने तपासावी.

घाटवाट

उशिरा लिहीत आहे, पण पुरेशी माहिती जमल्यावरच लिहायचे ठरवले होते.

ट्यूनरकडून मूळ फाइल मिळाली. तीत गुणक ८ टक्क्यांचा, तोही साध्या इंजिनाचा लावलेला होता, आणि त्यावर नुकसानीपोटी जवळजवळ २९ टक्के मिळवले होते. त्यानंतर दुसऱ्या एका डायनोवर मूळ सॉफ्टवेअर आणि रिमॅप असे दोन्ही, एकाच दिवशी, चौथ्या गिअरमध्ये, कोणताही गुणक न लावता मोजून घेतले. चाकांवर मूळ ६३ पीएस आणि रिमॅपवर ७९ पीएस आले. ७५ च्या इंजिनाचे चाकांवर ६३ होतात, तर ७९ चे इंजिनावर ९४ होतात. आकडेमोड यांचा हवेचा हिशेब आणि हा आकडा इतके जुळतील असे मला वाटले नव्हते.

टाकीचा हिशेब मात्र मनासारखा आला नाही. मीटर आणि पावत्या यांतली तफावत आधीपेक्षा स्पष्टपणे वाढली आहे. ट्यूनरला थेट विचारले, तेव्हा इंजेक्टरच्या वेळेचा तक्ता बदलल्याचे त्याने मान्य केले. तो तक्ता मूळ स्थितीला आणून, इंधनाच्या आणि धुराच्या मर्यादांचे तक्ते रीतसर बदलून देण्यास तो तयार झाला आहे. घाटातली चाचणी त्यानंतरच घेईन, कारण आत्ताच्या फाइलवर घेतलेल्या तापमानाला अर्थ नाही.

आकडेमोड

आकडा जुळला यात माझ्या हिशेबाइतकाच योगायोगाचाही वाटा आहे. २५० ग्रॅम हे मी गृहीत धरले होते, २४० धरले असते तर ९८ आले असते. नवी फाइल बसवल्यावर हवेची नोंद पुन्हा घ्या. हवा तेवढीच राहून ईसीयूचा इंधनाचा आकडा ३० च्या ऐवजी ३६ च्या आसपास दिसू लागला, तर तक्ता खरोखर पूर्ववत केला आहे असे समजता येईल. तो ३० वरच राहिला आणि गाडीचा जोरही तसाच असेल, तर फाइल घेऊन परत जा.

रोलरवाला

आणि परत मोजाल तेव्हा याच दुसऱ्या डायनोवर मोजा. टायरमधली हवा आणि गाडी रोलरवर बांधणाऱ्या पट्ट्यांचा ताण या वेळचा लिहून ठेवलेला असेल, तर तो सोबत आणा.